आहे-नाहीची पाटी

१ सप्टेंबर, रविवार

आलो एकदाचे! अकरा खोकी, दोन गाद्या, एक सासूबाई, एक मुलगी आणि मी, असा सगळा ऐवज दुपारी चारच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावर चढला. सासूबाईंचे गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुरत होते आणि सासूबाई गुडघ्यांच्याही वरचढ. पण घर बघितलं आणि त्यांची कळी खुलली. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि बाल्कनी बंद करून केलेली एक चिंचोळी खोली. तिच्यात एक टेबल आणि एक खुर्ची मावते, तिसरं काही नाही. हे माझं घरातलं ऑफिस. आठवड्यातले दोन दिवस मी इथून काम करणार आणि तीन दिवस खऱ्या ऑफिसात जाणार.

या दोन दिवसांसाठीच ही नोकरी धरली. आधीच्या नोकरीत सहाही दिवस बाहेर. नवरा बोटीवर, चार-चार महिने त्याला घर दिसत नाही. ठकू पाळणाघरातच वाढली. ठकू म्हणजे आमची पाच वर्षांची कन्या. खरं नाव फक्त शाळेपुरतं. मागच्या मार्चमध्ये एकदा तिला आणायला गेले, तर ती पाळणाघरातल्या बाईंची ओढणी धरून त्यांना आई म्हणत होती. तोंडातून गेलं असेल चुकून. सगळे हसले, मीही हसले. रस्त्यात मात्र मला रडू आवरेना. दुसऱ्याच दिवसापासून मी अर्ज करायला लागले. आता ते सगळं मागे पडलं. नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. ठकूने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःचं चित्र काढून ठेवलंय, त्याला सात बोटं आहेत.

२ सप्टेंबर, सोमवार

ऑफिस घरापासून बरोबर पाऊण तासावर. आधी बस, मग दहा मिनिटं चालणं. इमारतीचा तिसरा मजला, खाली शिलाई मशीनचं दुकान. काम नेहमीचंच, घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायच्या. झाकण लावल्याशिवाय बटण दाबू नये, ओल्या हाताने प्लग काढू नये, असली वाक्यं जगात कोणीतरी लिहीत असतं ना, ती कोणीतरी म्हणजे मी. लोक ती वाचत नाहीत हे आम्हाला ठाऊक असतं. तरी आम्ही नेटाने लिहितो, आणि यंत्र जळलं की पान चारकडे बोट दाखवतो.

गंमत आहे ती हजेरीची. दाराशी भिंतभर लाकडी फळा, त्याला खिळे, प्रत्येक खिळ्याला एकेकाच्या नावाची पाटी. पाटीची एक बाजू पांढरी, तिच्यावर ‘आहे’ लिहिलेलं. दुसरी काळी, तिच्यावर ‘नाही’. आलं की पांढरी बाजू पुढे करायची, निघताना काळी. घरून काम असेल त्या दिवशी काळीच ठेवायची. बोटाचा ठसा घेणारं यंत्र मध्ये आणलं होतं म्हणे, पण आमच्या विभागप्रमुखांचा विश्वास पाटीवरच. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांच्या काचेच्या खोलीतून फळा सरळ दिसतो. फळ्याखाली एकच नियम लिहिलाय, की आपली पाटी आपणच फिरवावी. मी म्हटलं, वा, एका ओळीची माहितीपुस्तिका! कोणी हसलं नाही.

शेजारच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई बसतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हातात सुया आणि लोकर. मी मनातल्या मनात त्यांचं नाव लोकरवाली ठेवून टाकलं. दोन मुलगे आहेत, त्यांच्यासाठी स्वेटर विणतात. घरून काम करायची मुभा असूनही बावीस वर्षं पाचही दिवस ऑफिसात येतात. राहतात मात्र नोकरदार बायकांच्या वसतिगृहात. नवरा आणि मुलगे याच गावात, आणि या वसतिगृहात? असेल काही घरगुती. आपल्याला काय करायचंय! माणूस मोठं मायाळू आहे, पहिल्याच दिवशी मला डब्यातलं अर्धं काढून दिलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

सोमवार, बुधवार, शुक्रवार ऑफिस. मंगळवार, गुरुवार घर. कागदावर किती छान दिसतं!

ठकूची नवी शाळा पुढच्या आठवड्यापासून. आज सकाळी नऊला टेबलाशी बसले तेव्हा ती टेबलाखाली येऊन बसली. आई घरी आहे म्हणजे आई आपली आहे, असा तिचा सरळ हिशेब. मी तिला थांब म्हटलं. मग दहा मिनिटांनी पुन्हा थांब. मग मीटिंग होती म्हणून ओठांवर बोट. बारा वाजता सासूबाई तिला ओढून घेऊन गेल्या आणि मला ऐकू येईल अशा बेताने भिंतीला सांगितलं, की घरात असून नसल्यासारखी ही आई, त्यापेक्षा ऑफिसात गेलेली बरी. मला लागलं ते. पण त्यांचं काही चुकलं नाही. सहाला लॅपटॉप बंद केला आणि ठकूबरोबर तासभर पत्ते खेळले. ती पत्ते खाली पाडून बघते आणि मग जिंकते.

११ सप्टेंबर, बुधवार

आज एक लबाडी केली. इथे लिहून टाकते म्हणजे मन हलकं होईल.

सकाळी ठकूचं अंग तापलेलं. एकशे दोन. माझा ऑफिसचा दिवस. पहिले तीन महिने रजा नाही, आणि ऑफिसच्या दिवशी घरून काम चालत नाही, हे मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ठकूने माझा हात धरून ठेवलेला. माझा पाय निघेना. शेवटी लोकरवालीला फोन लावला आणि अक्षरशः हातापाया पडले, की एवढी माझी पाटी पांढरी करा. मोठ्या बाई पाटीच बघतात, माणूस कुठे बघतात! काम मी घरून करीनच.

त्या म्हणाल्या की नको गं, हे सोडून दुसरं काहीही सांग. मी ठकूचा ताप सांगितला. लेकराचं नाव काढल्यावर त्या विरघळल्या. एकदाच करीन, पुन्हा सांगू नकोस, म्हणाल्या.

झालं. दिवसभर ठकूच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मधूनमधून पाण्याच्या हीटरची पुस्तिका लिहिली. चारला ताप उतरला आणि माझा जीव भांड्यात पडला. दोन्हीकडे हजर राहणं जमलं की आज मला!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी माझं कौतुक केलं. बुधवारी मी जो मुद्दा मांडला तो फार चांगला होता म्हणाल्या. सूचना क्रमाने न लिहिता धोक्याच्या क्रमाने लिहाव्यात, असा मुद्दा. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

बुधवारी मी घरी होते. मुद्दा मात्र माझाच आहे, तो कित्येक वर्षांपासून माझ्या डोक्यात घोळतोय, पण मी कुणाला बोलले नव्हते. मला वाटलं लोकरवालीने माझ्या नावाने काहीतरी ठोकून दिलं असेल. सुट्टीत त्यांचे आभार मानायला गेले तर त्यांनी विणकामातून मान वर केली नाही. टाके चुकत होते त्यांचे.

१६ सप्टेंबर, सोमवार

परवा बुधवारी ठकूच्या शाळेत पालकांना बोलावलंय. मुलं गाणार आहेत. आणि परवा माझा ऑफिसचा दिवस. लोकरवालीला विचारायची सोय नाही, त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणून आज निघताना माझी पाटी मी काळी केलीच नाही. तशीच ‘आहे’ ठेवून आले. विसरले म्हणेन. कुणी दुसऱ्याच्या पाटीला हात लावत नाही, तेव्हा ती बुधवारपर्यंत तशीच राहणार. उद्या मंगळवारीही मी हजर दिसेन, दिसू दे. साधा लाकडाचा तुकडा तो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसात गेले तर माझ्या टेबलावर वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेचा कच्चा खर्डा. चाळीस पानं. मी सुरुवातही केली नव्हती. समासात पेन्सिलीने दुरुस्त्या, अक्षर माझं. दीर्घ ऊकाराला मी शेपूट जरा जास्त ओढते, तीही तशीच. माझा कप धुऊन पालथा घातलेला.

खर्डा पटकन ड्रॉवरमध्ये टाकणार होते. पण खोटं कशाला लिहू? खर्डा वाचत गेले तसं आवडतही गेलं. माझ्यापेक्षा बरा होता. घाई नव्हती त्याच्यात. कुणीतरी शांतपणे, मागे कुणी हाका मारत नसताना लिहिलेलं. मोठ्या बाई येऊन म्हणाल्या की हल्ली घरच्या दिवशीही येता, छान. आता तुम्हाला दुसरं कामही देते, ते घरून करत जा.

लोकरवालीला विचारलं की मंगळवारी, बुधवारी इथे कोण बसलं होतं? त्यांनी मलाच विचारलं की पाटीवर काय होतं. निघताना फळ्यापाशी थांबले. काळी करायला हात उचलला होता. मग वाटलं की राहू दे. काम तर होतंय. मूर्खपणा होता हा, आता कळतंय, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे नुसतं मोकळं घर होतं आणि ठकू.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मोकळं कसलं! तिथलं काम वाढलं तसं इथलंही वाढलं. दोघींचं काम देतायत मला. सकाळपासून खुर्ची सोडली नाही. ठकूला किती वेळा थांब म्हटलं त्याची मोजदाद नाही. सहा वाजल्यानंतर ती टेबलापाशी यायचीच बंद झाली.

पावणेसातला बाहेर आले तर ती खिडकीत उभी राहून हात हलवत होती. कोण आहे विचारलं. आई ऑफिसातून आली, म्हणाली. मी हसून म्हटलं, अगं मी इथे आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

समोरच्या फूटपाथवर एक बाई उभी होती. खांद्याला माझ्यासारखी बॅग. तोंड दिसलं नाही, मध्ये बस आली. बस गेली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या की कालपासून जिन्यातही कुणीतरी चढतं आणि अर्ध्यातून परत जातं.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज मुद्दाम ऑफिसला गेले नाही. भर दुपारी, घरातून काही न सांगता निघाले आणि— नाही, क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की भीती कमी होते.

पाऊणला घरातून निघाले. दीडला ऑफिससमोर पोचले. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावरची माझी खिडकी तिथून दिसते. तिच्यात मी पाठमोरी बसले होते. हिरवा कुडता, जो मी सकाळी धुऊन दोरीवर टाकला होता. केस वर बांधलेले. तासभर मी तिथे उभी होते. माझीच मान दुखली की मी जशी डावीकडे वळवते तशी ती वळवत होती.

अडीचला वर गेले. फळ्यावर ‘आहे’. खुर्ची रिकामी, पण बसकण उबदार. मोठ्या बाई म्हणाल्या की इतक्यात चहा पिऊन झाला पण? मी पाटीपाशी गेले आणि ती काळी केली. दोन्ही हातांनी केली. मग तीनला निघाले.

पावणेचारला घरी पोचले. सासूबाई चिडलेल्या. किल्ली नेत नाहीस, बेल वाजवतेस आणि दार उघडायला यावं तर थांबत नाहीस, म्हणाल्या. कधी? अर्ध्या तासापूर्वी. गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागला. तोवर ठकू दाराशी बसून बाहेरच्या आईशी बोलत होती. आईने बाहेरून तिला गोष्ट सांगितली. अख्खी. मध्ये एकदाही थांब म्हटलं नाही.

मी दाराला आतून वरची कडी लावली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसात गेले. माझी पाटी पांढरी. मी काळी केली होती. म्हणजे आता पाटी फिरवायला तिला माझी गरज उरलेली नाही.

लोकरवालीला जिन्यात गाठलं आणि रडले. तेव्हा त्या बोलल्या. एका दमात, भिंतीकडे बघत. म्हणाल्या की नसलेल्या माणसाला हजर मांडलं की हजर राहायला कुणीतरी येतंच. दिवसभर ती काम करते. सहाला ऑफिस बंद होतं, मग ती निघते. आणि ऑफिसातून सुटलेलं माणूस कुठे जातं गं? घरीच जातं. सुट्टीच्या दिवशी ती नसते. कामावरूनच येते ती. आधी रस्त्यापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग दारापर्यंत. दार तिला उघडता येत नाही. घरातल्या कुणीतरी आपणहून उघडावं लागतं.

मी विचारलं की उघडलं तर? त्या म्हणाल्या, धाकटा दोन वर्षांचा होता, त्याच्यासाठीच मी पाटी फिरवून घेतली होती. एक दिवस माझी बस चुकली. पुढच्या बसने पोचले तेव्हा दार उघडं होतं.

मग त्या विणायला गेल्या. मला आता कळलं की ते स्वेटर कुणी घालत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

नवऱ्याचा फोन. त्याला सगळं सांगितलं. तो हसला. बरंय की, म्हणाला, एक कमावेल, एक घर बघेल, मला दोन्ही चालतील. आवाज तुटत होता. मी ओरडले त्याच्यावर. तो घाबरून म्हणाला की झोप घे, नोकरी झेपत नसेल तर सोडून दे.

सोडतेच. नोकरीपायी लेक घालवायची नाही मला.

३० सप्टेंबर, सोमवार

राजीनामा पाठवला. मोठ्या बाईंचा फोन आला. काय थट्टा लावलीय म्हणाल्या. आज सकाळीच तर तुम्ही माझ्यासमोर बसून लिहून दिलंत की यापुढे पाचही दिवस ऑफिसातच येईन. मी म्हटलं, ती मी नाही. त्यांनी फोन ठेवला.

पावणेसातला बेल वाजली. मी ठकूला उचलून आतल्या खोलीत नेलं. बेल पाच वेळा वाजली. मग माझ्या आवाजात हाक आली. दमलेली, ऑफिसातून आल्यावर असते तशी. रागावलेली नव्हती.

सासूबाईंना सांगितलंय की साडेसहा ते सात दार उघडायचं नाही, कुणीही येवो. कारण सांगितलं नाही. त्यांना राग आला, पण नाही उघडणार म्हणाल्या.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा पावणेसातला. ठकू माझ्या हातातून सुटायला धडपडत होती. बोचकारलं मला. मी तिला विचारलं की माझं काय चुकलं. ती म्हणाली, तू घरातली आई आहेस. घरातल्या आईला काम असतं. बाहेरच्या आईचं काम संपलेलं असतं.

मी म्हटलं, माझंही संपलं, मी नोकरी सोडली. तिने लॅपटॉपकडे बघितलं. तो चालू होता.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती, पण ऑफिस चालूच. ठकू शाळेतला कार्यक्रम करून आल्यापासून खिडकीत. जेवली नाही. माझ्याशी बोलत नाही—

पावणेसात. बेल. दाराखालच्या फटीतून चपला दिसल्या. माझ्या. झिजल्या आहेत, रोज चालून. माझ्या पायातल्या अजून नव्या आहेत.

३ ऑक्टोबर, गुरुवार

मोठ्या बाईंचा फोन. या वेळी नीट बोलल्या. म्हणाल्या की समोर विचारलं तर राहते म्हणता, फोनवर सोडते म्हणता, तेव्हा उद्या साडेपाचच्या मीटिंगला पडद्यावर या, पाच मिनिटं. सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगा की मी सोडतेय, मी लगेच तुमची पाटी उतरवते, तुम्ही मोकळ्या.

पाटी उतरली की तिला बसायला जागा राहणार नाही. जागा नाही तर काम नाही. काम नाही तर कामावरून येणं नाही. मी पुन्हा पुन्हा ताडून बघितलं, यात चूक नाही. साडेपाचला पाच मिनिटं. ती सहाला सुटते. भरपूर वेळ आहे.

ठकूला सांगितलं की उद्यापासून सगळं संपेल, मग दिवसभर खेळू. तिने मान हलवली. बहुतेक हो म्हणून.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

५.३० — वही जवळ ठेवलीय. जे होईल ते लिहीत जाणार. कानांवर हेडफोन, नाहीतर सासूबाईंचा रेडिओ मध्ये येतो. ठकू बाहेरच्या खोलीत चित्र काढतेय. कडी लावलीय.

५.४० — सुरू नाही. कुणीतरी यायचंय.

५.५० — सुरू. माझा विषय शेवटचा आहे म्हणे. इस्त्रीच्या पुस्तिकेवर चर्चा. मोठ्या बाईंच्या मागे काचेतून माझं टेबल दिसतंय. ती बसलीय. पाठमोरी. लिहितेय. लोकरवाली बाजूला, विणतायत.

६.०० — ती उठली. कप धुऊन आणला, पालथा घातला. बॅग घेतली. लोकरवालीने मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे. डोकं हलवलं. नको? काय नको?

६.०५ — गेली ती. चाळीस मिनिटं आहेत. मी मध्येच बोलले की माझं आधी घ्या. मोठ्या बाई म्हणाल्या आवाज येत नाही. माइक बघितला. चालू आहे.

६.२० — अजून आवाज येत नाही त्यांना. ओरडले. सगळे प्रेमाने हसतायत. एक जण म्हणाला, बसच्या थांब्यावर गेली असेल, तिथून बोलतेय.

६.३० — कागदावर लिहून पडद्यासमोर धरलं. मी नोकरी सोडत आहे. मोठ्या बाई वाचतायत. चष्मा शोधतायत—

६.३८ — वाचलं! बरं, तुमची इच्छा, म्हणाल्या. उठल्या. फळ्याकडे गेल्या. लोकरवाली त्यांच्या पुढे आडव्या गेल्या, हात धरला, काहीतरी सांगतायत, रडतायत. का?

६.४१ — उतरवली. पाटी उतरवली. नुसता खिळा. सुटले मी! सुटले—

लोकरवाली कॅमेऱ्याशी आल्या. म्हणाल्या की अगं ती अजून पोचायचीय, रस्त्यातच आहे. उद्या परत जायला तिला ऑफिसच ठेवलं नाहीस. आता ती घरीच—

६.४४ — हेडफोन काढले. बाहेर रेडिओ बंद. काहीतरी फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज. स्टूल—

ठकू!

हाक मारली. ओ देत नाही. खुर्ची मागे सरत नाही, दार अर्धंच उघडतं, चिंचोळी ही खोली— कडी. कडी पडल्याचा आवाज. बेल वाजलीच नाही आज. वाजायच्या आधीच तिने—

हसतेय ठकू. किती दिवसांनी हसली. सासूबाई म्हणतायत की आलीस, बस, दमली असशील. मी आतून ओरडतेय. सासूबाई विचारतायत की आत कोण आहे गं? ठकू म्हणते कुणी नाही—

दारात आहे ती. ठकू तिच्या कडेवर. मी आहे ती, अगदी मी, फक्त घाईत नाही. ठकू, ये, मी म्हटलं. माझ्याकडे ये. मी आई आहे गं. हात पुढे केले. तिने ठकूच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली की भिऊ नकोस, मी आलेय ना. आणि ठकूने तिच्या खांद्यात तोंड लपवलं, माझी ठकू, मला बघून ती घाबर—